जुन्या पेठेतले वाडे वाचवायला गल्लीतल्या लोकांचा गट कसा उभा करावा?

तुम्ही विचारलंय की पेठेत एकामागून एक वाडे पडताहेत, चार-पाच शेजारी जमलेत, तर आधी संस्था नोंदवावी, निवेदन द्यावं की वकील गाठावा. मी सोलापूरची, बाळीवेशीजवळच्या बोळातली. असल्याच एका गटात मी 2018 पासून आहे. नोंदणी सगळ्यात शेवटी करा. आधी शिडी आणा आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढा.

आम्ही हे उलट केलं. आधी लेटरहेड छापलं. रविवारी सकाळी लोकांना घेऊन फेरी काढायची, कोरीव दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, दाखवायची, फोटो काढायचे, वर्तमानपत्रात बातमी. मीही त्यात पुढे पुढे. त्याच बोळात माझ्या चुलत्यांचं घर: दगडी जोतं, पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधे चौक, वर माळवद. चुलते गेलेले, काकू एकटी. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, पुण्याला. 2020 च्या फेब्रुवारीत त्यानं ठरवलं की पाडायचं, खाली तीन गाळे, वर दोन मजले. गटानं लेखी हरकत घेतली. पहिली सही माझी. कचेरीतून कागद आला, निर्णय होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. हे आता लिहायलाही लाज वाटते.

माळवद म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात 43-44 अंश ऊन, अशा गावासाठी याहून शहाणं छत मी पाहिलेलं नाही. पण ते दरवर्षी मागतं. पावसाच्या आधी गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. त्या मेमध्ये लॉकडाऊन. मजूर नाही, माती नाही, आणि कागदावर तर लिहिलेलंच की हात लावू नका. ऑक्टोबरात जो पाऊस झाला तो सोलापूर जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. मधल्या रात्री मागची खोली बसली. काकू सोप्यात झोपली होती म्हणून वाचली. चार महिने ती आमच्याकडे राहिली, आणि त्या चार महिन्यांत तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. अण्णानं फोनवर सगळं एकदम वसूल केलं. “तुमच्या वारशापायी माझ्या आईच्या डोक्यावर छत राहिलं नाही की गं.”

त्यानंतर गटातले निम्मे लोक गळाले. उरलो ते सहा जण. आता आम्ही फेऱ्या काढत नाही. एप्रिलच्या शेवटी वर्गणी काढतो, पांढरी माती ट्रॅक्टरनं मागवतो आणि ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत तिथं आधी टाकतो. माळवद जाणणारा एकच गवंडी हाताशी आहे, त्याच्यासोबत दोन पोरं शिकताहेत. आणि एक सांगते, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. आतली ओल आतच कोंडते, भिंत भुसभुशीत होते आणि बाहेरून मात्र चकाचक दिसते. चुना वापरा, महाग पडला तरी.

कायद्याचं म्हणाल तर सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा नियम आपल्या पेठेला लागू होईल या भरवशावर राहू नका. किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक, म्हणून त्याच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. ते किल्ल्यासाठी आहे, तुमच्या घरासाठी नाही. घर वारसा यादीत चढलं तर मालकाला न वापरता येणाऱ्या बांधकामाच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे. सोलापुरात तो विकत घेणारा बिल्डर भेटला तर मलाही कळवा. भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर स्मारक झालं, कारण 1942 मध्ये चीनमध्ये वारलेल्या त्या डॉक्टरांचं नाव दोन देशांना ठाऊक आहे. कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, म्हणजे त्या वाड्याला अजून काम आहे. आमच्या काकूच्या घराला नाव नाही न् काम नाही. तुमच्या पेठेतली बहुतेक घरं तसलीच असणार.

म्हणून प्रत्येक घराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि हिस्सेदार मोजा. वाडा पावसानं पडतो हे अर्धंच खरं. सात हिस्सेदार, त्यातले पाच परगावी, आणि माती कुणी टाकायची यावरून वीस वर्षं अबोला, त्यानं पडतो. अण्णानं आमच्यावर ढकललं, पण त्याआधीच्या तीन उन्हाळ्यांत त्या माळवदावर मूठभरही माती पडली नव्हती. पैसे मागितले की म्हणायचा, “पाडायचंच आहे, कशाला घालू?” हरकतीची चूक माझी, ती मी मानते. तीन वर्षांची माती त्याची.

हे सगळं आमच्या बोळापुरतं. तुमच्याकडे भाडेकरू असतील तर भानगड वेगळी, तिथं आधी वकीलच गाठा. आणि एखादं घर खरंच धोकादायक असेल, तर माणसं बाहेर काढा, हरकती नंतर घ्या.

काकू आता पुढच्या दोन खोल्यांत राहते. सोपा आणि त्यावरचं माळवद आहे तसंच आहे, मागं स्लॅब पडला. त्यात अण्णाचेही पैसे आहेत, हे सांगायला हवं. दिंडीची चौकट मात्र तेव्हापासून आमच्या जिन्याखाली उभी आहे. अण्णा, तू इथं वाचतोस हे मला माहीत आहे. जिन्याखाली ओल येते, पावसाच्या आधी येऊन चौकट बसवून जा.