सापडलं ते काय? धातूच्या जुन्या वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की किनाऱ्याची वाळू बदललेली असते, पुनर्विकासाच्या जागांवर पाये खणायला सुरुवात होते आणि माझ्याकडे फोटोंचा ओघ सुरू होतो. फोटोवरून रंग कळतो, गंज कळतो, पण वस्तू ओळखायला तेवढं पुरत नाही. वजन, लांबी-रुंदी, लोहचुंबक चिकटतो का, आणि वस्तू नेमकी कुठे, किती खोल मिळाली, एवढं लिहून पाठवलंत तर निम्मं काम तिथेच होतं. या वेळी बऱ्याच जणांनी तसं पाठवलं आहे, त्याबद्दल मनापासून आभार.

आमच्या इमारतीच्या खोदकामात लोखंडी गोळा सापडला. व्यास 11 सेंटिमीटर, वजन 3.2 किलो. एका बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं भोक गंजानं बुजलेलं दिसतं. तोफगोळा असेल का? सध्या गॅलरीत ठेवलाय. घासून घेऊ का?
*एक वाचक, माझगाव*

घासू नका, हलवू नका. तुमचं पत्र मिळाल्याबरोबर तुम्हाला हे कळवलंच आहे. इथे सविस्तर लिहितो, कारण असा गोळा उद्या दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो.

आधी साधा हिशेब करू. 11 सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान सुमारे 700 घन सेंटिमीटर भरतं. ओतीव लोखंड घन सेंटिमीटरला 7.2 ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे गोळा भरीव असता तर पाच किलोचा भरला असता. तुमचा 3.2 किलोच आहे. समुद्रात वर्षानुवर्षं पडलेलं ओतीव लोखंड आतून झिजून हलकं होतं हे खरं, पण इथे भोकही आहे. पोकळ गोळ्यात दारू भरायची आणि भोकात पेटती वात बसवायची, ही तोफांची जुनी पद्धत. न फुटलेल्या गोळ्यात ती दारू अजून असू शकते. ड्रिल, ग्राइंडर, तारेचा ब्रश, गॅसची आच, यातली एखादी ठिणगीही तिला पुरते. अमेरिकेत 2008 साली त्यांच्या यादवी युद्धातला असाच गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. गोळा शंभरहून अधिक वर्षांचा होता.

तुमच्या भागात आणखी एक कारण आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. त्यात सुमारे 1400 टन स्फोटकं होती. त्याच जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. जळतं लोखंड दूरवर वस्तीत जाऊन पडलं. त्यामुळे गोदीच्या आसपास जमिनीतून नळकांडी, निमुळतं टोक असलेली किंवा तळाला पितळी कडं असलेली कुठलीही वस्तू निघाली, तरी जागेवरच सोडा, माणसं मागे घ्या आणि 112 वर फोन करा. पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक येतं. वस्तू रिकामी निघाली तर कुणी तुम्हाला हसणार नाही.

वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी मेटल डिटेक्टरनं शोधताना, वीतभर खोल, ही वस्तू मिळाली. राखाडी, खाली जाड, वर निमुळती. लांबी 26 सेंटिमीटर, वजन 3.2 किलो. चुंबक चिकटत नाही. वरच्या टोकाला आरपार भोक आहे आणि बुडाला अंगठा जाईल एवढा खळगा. कोळी दादांना दाखवली, ते म्हणाले, “जाळ्याचं शिसं, पण आमचं नाही.” मग कुणाचं?
*एक वाचक, अंधेरी*

त्या कोळी दादांनी अर्धं उत्तर देऊन टाकलं. धातू शिसंच आहे. नखानं कडेला ओरखडा काढून बघा, आत चकाकी दिसेल. पण पागेच्या, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्याच्या, कडेला ओवायची शिशं बोटाच्या पेराएवढी असतात. हे त्यातलं नव्हे.

उत्तर दडलंय बुडाच्या खळग्यात. हे समुद्राची खोली मोजायचं शिसं आहे. वरच्या भोकातून दोर बांधायचा, जहाजाच्या कडेला उभं राहून शिसं पुढे भिरकवायचं आणि ते तळाला टेकलं की दोर किती वाव गेला ते पाहायचं. वाव म्हणजे सहा फूट. दोरावर ठरावीक अंतरावर खुणा असत. दोन आणि तीन वावांवर चामड्याच्या पट्ट्या, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल लोकरी कापड. प्रत्येक खूण वेगळ्या पोताची, कारण अंधाऱ्या रात्री ती डोळ्यांनी दिसत नसे, बोटांनी ओळखावी लागे.

आणि तो खळगा? त्यात चरबी भरत. तळाचा चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चरबीला चिकटून वर येई. नकाशात खोलीबरोबर तळ कसला आहे तेही लिहिलेलं असे. त्यामुळे किनारा दिसत नसला तरी आपण कुठे आहोत याचा अंदाज खलाशाला येई. एवढ्याशा खड्ड्यानं किती जहाजं खडकावरून वाचवली असतील, या विचारानं मला ही वस्तू तोफा-तलवारींपेक्षा मोठी वाटते.

तुमचं वजनही जुळतं. हातानं फेकायची शिशं साधारण 7 ते 14 पौंडांची असत, आणि 7 पौंड म्हणजे 3.18 किलो. वय मात्र आकारावरून सांगता येणार नाही, कारण विसाव्या शतकात प्रतिध्वनीवर चालणारी यंत्रं येईपर्यंत शतकानुशतकं हाच घाट चालला. अंगावर आकडा किंवा बाणाच्या टोकासारखी खूण दिसते का, तिरप्या उजेडात बघा. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. खळग्यात काही चिकटलेलं असेल तर ते खरवडू नका. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, मुलांना खेळायला देऊ नका आणि वितळवायचा विचारही नको. शिसं विषारी आहे.

दादर चौपाटीवर तांब्याचं नाणं मिळालं. एका बाजूला तराजू आणि फारसी अक्षरं, दुसरीकडे बदामासारखी आकृती आणि तिच्यावर 4 चा आकडा. इंटरनेटवर पाच लाख किंमत सांगतात.
*एक वाचक, माहीम*

पाच लाख विसरा. जो आधी ‘नोंदणी फी’ मागेल त्याचा नंबर ब्लॉक करा. हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबई इलाख्यातला पैसा. बदामात कंपनीची आद्याक्षरं आहेत, व्यापारी मालाच्या गाठींवर छापायची हीच खूण. तराजूच्या पारड्यांमधला फारसी शब्द ‘अदल’, म्हणजे न्याय. 1791 पासून ही नाणी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या टांकसाळीत पाडून जहाजानं इकडे येत. सन 1791 किंवा 1794 वाचता आला तर कळवा. चिंच-मीठ लावू नका. ते लावलंत तर सन वाचायचा राहून जाईल.

आजोबांच्या ट्रंकेत पितळी चकती मिळाली. वर भोक, मध्ये 214 आकडा, बाकी काही नाही. ते लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. ही त्यांची आहे का?
*एक वाचक, डोंबिवली*

बहुधा हो. मागे टाचणी असती तर तो छातीवर लावायचा बिल्ला ठरला असता. नुसतं भोक आहे, म्हणजे खिळ्याला अडकवायचं टोकन. कारखान्यांत अशी टोकनं हजेरीच्या फळ्यावर असत, नाहीतर अवजारं घेताना ठेवून द्यायची असत. भोकाची वरची कड झिजली आहे का बघा, रोजच्या टांगण्यानं ती तिथेच झिजते. आजोबांचा जुना पगाराचा कागद किंवा भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी घरात असेल तर त्यावरचा आकडा ताडून पाहा. जुळला, तर चकती आणि कागद एकाच पाकिटात ठेवा. 1982 च्या संपानंतर गिरणगावातलं असं किती सामान भंगारात किलोवर गेलं! ज्यांना आजोबांची पाळी, खातं, जॉबर (खात्याचा मुकादम) आठवतो अशी घरातली माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून ते लिहून घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

डिटेक्टर घेतलाय. रविवारी कान्हेरीच्या बाजूला किंवा वसईच्या किल्ल्यात जायचा विचार आहे. परवानगी लागते का?
*एक वाचक, बोरिवली*

तिथे जाऊच नका. कान्हेरी, महाकाली, मंडपेश्वर, घारापुरी, वसईचा किल्ला ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. 1958 च्या कायद्यानं तिथे खणायला मनाई आहे, आणि कान्हेरी तर राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. इतरत्रही, 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तुमच्यासाठी ते मुंबई उपनगरचे, वांद्र्याला. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

कायद्याइतकंच दुसरं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्याजवळच, नालासोपाऱ्याला, 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता, त्याच्या आत एकात एक आणखी करंडक, शेवटचा सोन्याचा. भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. काय कुठे होतं ते त्यांनी नोंदवलं. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे कित्येक शतकांनी कुणीतरी श्रद्धेनं तो ठेवा पुन्हा उघडला, मूर्ती मांडल्या आणि बंद केला. कुणी डिटेक्टर लावून त्या मूर्ती आधीच उपसल्या असत्या, तर त्या बाजारात आठ सुट्या मूर्ती म्हणून फिरल्या असत्या आणि ही गोष्ट आपल्याला कधीच कळली नसती.

चौपाटीवर हौस भागवा. ओल्या खाऱ्या वाळूत यंत्र उगाच ओरडेल, कारण मीठ वीज वाहून नेतं आणि आपल्या काळ्या दगडाच्या वाळूत लोहकण असतात. आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या मिठा-लोहकणांचा आवाज गाळायची यंत्रातली सोय, नीट जुळवा, संवेदनशीलता थोडी उतरवा. खणलेला खड्डा बुजवा, खिळे आणि काचा मिळाल्या तर घरी आणा.

पितळी समईवर पोपटी भुकटी धरते, पुसली की पुन्हा येते.
*एक वाचक, कुलाबा*

समुद्रावरच्या हवेतलं मीठ धातूत शिरलं आहे. घट्ट, गडद हिरवा थर निरुपद्रवी असतो, तो राहू द्या. ही मऊ पोपटी भुकटी मात्र धातू खाते. समई कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, इतर पितळी वस्तूंपासून लांब. जुनी, मोलाची असेल तर घरी रसायनं लावू नका. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे आधी फोटो दाखवून विचारा.