विंचाइटात विंचू नाही

प्रश्न : मेघनगरला नोकरीला असलेल्या भाच्याने काजलीडोंगरीच्या मँगनीज खाणीजवळून निळसर-जांभळ्या रेघांचा दगड आणला. तिथल्या कुणी नाव सांगितलं ‘विंचाइट’. सासूबाईंनी तो विंचू उतरवायचा खडा म्हणून देवघरात ठेवलाय. मुलगा म्हणतो, अ‍ॅस्बेस्टॉस आहे, फेका. खरं काय? – एक वाचक, रामटेक

उत्तर : ताई, सासूबाईंचा हिरमोड होईल, पण विंच हे माणसाचं आडनाव. मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यातल्या काजलीडोंगरीत हॉवर्ड विंच यांना हे खनिज मिळालं आणि भूवैज्ञानिक फर्मोर यांनी त्यांचं नाव त्याला दिलं. तुमच्याच तालुक्यातल्या काचुरवाहीचं ब्लॅनफोर्डाइट हे खनिजही फर्मोर यांनीच जगासमोर आणलं.

हे ब्लॅनफोर्डाइट मी विसरणार नाही. ऐन उमेदीत मी त्याचा तुकडा ऐटीत विंचाइट म्हणून साहेबांपुढे ठेवला होता. त्यांनी न बोलता भिंग पुढे सरकवलं. खडा फुटतो तिथे दोन गुळगुळीत पातळ्या दिसतात. त्या जवळजवळ काटकोनात भेटल्या तर पायरॉक्सीन हे खनिजकूळ, ब्लॅनफोर्डाइट त्यातलंच. ५६ आणि १२४ अंशांनी तिरक्या भेटल्या तर विंचाइटचं कूळ, म्हणजे अ‍ॅम्फिबोल. माझ्या काटकोनात होत्या.

तिरक्या निघाल्या तरी विंचाइट ठरत नाही. या कुळाच्या रचनेत एका खोलीत दोन खाटा आहेत असं समजा. दोन्हींवर कॅल्शियम झोपलं तर ट्रेमोलाइट, दोन्हींवर सोडियम तर ग्लॉकोफेन, एकेकावर एकेक तर विंचाइट. हे डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळाच सांगते. रंगावर जाऊ नका.

आता चिरंजीवांचं. अमेरिकेत मोंटानातल्या लिबी गावी व्हर्मिक्युलाइट या अभ्रकासारख्या खनिजाची खाण होती, १९९०मध्ये बंद झाली. तिथल्या तपासलेल्या अ‍ॅम्फिबोलपैकी सुमारे ८४ टक्के विंचाइट निघालं, त्यात केसासारखे तंतूही. ते श्वासातून फुप्फुसात गेले आणि माणसं गेली. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तिथल्या कायद्यातल्या सहा नावांत विंचाइट नव्हतं! २००९मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.

म्हणजे धोका नावात नाही, रूपात आहे. खडा घट्ट असेल तर डबीत ठेवा. कापसासारखे तंतू सुटत असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून दोन पिशव्यांत बंद करा आणि जवळच्या भूशास्त्र विभागात दाखवा. उगाळू मात्र नका. विंचू चावला तर सासूबाईंना सरळ दवाखान्यात न्या.