थरांच्या मॉडेलमध्ये लहर विरतच नसेल, तर आधी तळ तपासा

भूकंपाची लहर जमिनीच्या थरांतून वर कशी येते याच्या संगणकीय मॉडेलबद्दलचा तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर ६ मीटर भराव, त्यात शिअर लहरीचा (कणांना आडवं हलवत जाणाऱ्या लहरीचा) वेग सेकंदाला १५० मीटर. त्याखाली १५ मीटर चिकणमाती, वेग २५०. मग खडक, वेग १२००, आणि मॉडेलचा तळ ३० मीटरवर. घनता अनुक्रमे १८००, १९०० आणि २४०० किलो प्रति घनमीटर. कोड फाइनाइट डिफरन्सचा (जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून गणित करणारा), द्विमितीय, ग्रिड १ मीटरची, डॅम्पिंग, म्हणजे मातीत ऊर्जा जिरणं, अजून घातलेलं नाही. उघड्या खडकावर नोंदलेली हालचाल तुम्ही तळाच्या ओळीला विस्थापन म्हणून दिली आहे. आता पृष्ठभाग वीस सेकंदांनंतरही हलतोच आहे, मॉडेल जितकं जास्त वेळ चालवावं तितकं वर्धनाचं (खडकाच्या तुलनेत पृष्ठभाग किती पट हलतो त्याचं) शिखर उंच होतं, आणि ते शिखर २.९ हर्ट्झवर येतं, जेव्हा सूत्र २.५ सांगतं. ग्रिड अजून बारीक करावी का, असं तुम्ही विचारलंय.

ग्रिडकडे नंतर येऊ. मुख्य दोष तळाशी आहे. आणि ते २.९ बरोबर आहे, त्याला धक्का लावू नका.

एखाद्या ओळीचं विस्थापन तुम्ही बाहेरून ठरवून दिलंत की ती ओळ वरून आलेल्या लहरीचं काहीच ऐकत नाही. लहर तिच्यावर आपटते आणि चिन्ह बदलून पूर्णच्या पूर्ण परत जाते. म्हणजे त्या ओळीखाली तुम्ही अनंत ताठर जग ठेवलंय. वरचा पृष्ठभाग मोकळा, तिथूनही लहर पूर्ण परततेच. दोन्ही दारं बंद, मातीत डॅम्पिंग नाही, मग ऊर्जा जाणार कुठे? शिखर वाढत राहतं याचं कारणही हेच. डॅम्पिंग नसलेल्या, ताठर तळाच्या थराचं अनुनादाचं वर्धन गणितातच अनंत आहे. तुम्ही नोंद लांबवता तसा तुमचा वर्णपट (वारंवारतेनुसार वर्धनाचा आलेख) त्या अनंताच्या जवळ सरकतो, एवढंच. कोड ती चुकीची समस्या अगदी बरोबर सोडवतोय.

इथे एक शंका येईल: खाली ९ मीटर खडक घातलाय ना, मग ऊर्जा त्यात का जात नाही? जाते, पण ९ मीटर खाली जाऊन ताठर तळावर आपटून १५ मिलिसेकंदांत परत येते. खडकाचा थर आणि खडकाचं अर्ध-अनंत माध्यम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थरांच्या बहुतेक शास्त्रीय मांडण्यांत सर्वांत खालचं माध्यम अनंत खोल धरतात. तिथे खाली गेलेली लहर परत येत नाही, आणि याच गळतीमुळे वरचं उत्तर मर्यादित राहतं.

ही गळती किती मोठी आहे ते आकड्यांत पाहा. वेग आणि घनता यांचा गुणाकार म्हणजे इम्पिडन्स. तुमच्या चिकणमातीचा सुमारे ४.७५ लाख, खडकाचा २८.८ लाख. दोन इम्पिडन्समधला फरक भागिले त्यांची बेरीज, हा परावर्तन गुणांक. इथे तो ०.७२ येतो. म्हणजे खडकाच्या सीमेवर दर फेरीला लहरीचा मोठेपणा ७२ टक्के उरतो. वरपासून खडकापर्यंत जायला ०.०४ अधिक ०.०६, म्हणजे ०.१ सेकंद, एक फेरी ०.२ सेकंदांची. भराव आणि चिकणमाती यांच्यामधलं आपसातलं परावर्तन तूर्त बाजूला ठेवलं, तर एका सेकंदात पाच फेऱ्या होतात आणि साधारण १९ टक्के उरतं. डॅम्पिंगचा थेंबही न घालता! वीस सेकंद डुलत राहायला या जमिनीला कारणच नाही.

उपाय जुना आणि सोपा आहे. लायस्मर आणि कुहलमेयर यांनी १९६९ मध्ये मांडलेला डॅशपॉट (वेगाच्या प्रमाणात विरोध करणारा शोषक) तळाला लावा: दर चौरस मीटरला खडकाची घनता गुणिले खडकाचा शिअर वेग एवढा. आणि हालचाल विस्थापन म्हणून देऊ नका, प्रतिबल (दर चौरस मीटरवरचं बल) म्हणून द्या. ते प्रतिबल म्हणजे घनता गुणिले वेग गुणिले वर येणाऱ्या लहरीच्या कणवेगाची दुप्पट. मग तळ स्वतःचा वेग स्वतः ठरवेल आणि खाली येणारी लहर डॅशपॉट गिळेल.

त्या 'दुप्पट' शब्दावर थांबतो, कारण इथे चुकणारे लोक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. उघड्या खडकावरची नोंद मोकळ्या पृष्ठभागावरची असते. तिथे वर जाणारी लहर आणि परतणारी लहर एकावर एक पडतात, म्हणून नोंद ही वर जाणाऱ्या लहरीच्या दुप्पट असते. वर जाणारी लहर हवी तर नोंद निम्मी करायची, आणि प्रतिबलाच्या सूत्रात पुन्हा दोनने गुणायचं. थोडक्यात, तुमच्या नोंदीचा वेग गुणिले खडकाचा इम्पिडन्स. यातली एक पायरी विसरली की सगळं उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं, आलेखाचा आकार मात्र तस्साच राहतो. त्यामुळे ती चूक नजरेला दिसत नाही.

ताठर तळ नेहमीच चूक असतो असंही नाही. नोंद बोअरहोलमधल्या, ३० मीटर खोलीवरच्या उपकरणाची असती, तर ती विस्थापन म्हणून देणंच योग्य ठरलं असतं. त्या नोंदीत खाली येणाऱ्या लहरी आधीच मिसळलेल्या असतात, आणि अनुनादाच्या वारंवारतेला तिच्यात खोलगट भाग दिसतो. नोंद कुठली आहे यावर तळ कसा असावा ते ठरतं.

आता २.९ आणि २.५ बद्दल. तुम्ही वापरलेलं 'एक भागिले चारपट प्रवासकाळ' हे सूत्र एकसंध थरासाठी तंतोतंत आहे. वरचा थर मऊ आणि खालचा कडक असला की खरी वारंवारता त्याहून वर सरकते. दोन थर आणि ताठर तळ असेल तर अट अशी: पहिल्या थराच्या कलेचा टॅन्जंट गुणिले दुसऱ्याच्या कलेचा टॅन्जंट, बरोबर खालचा इम्पिडन्स भागिले वरचा. कला म्हणजे कोनीय वारंवारता गुणिले त्या थरातला प्रवासकाळ. तुमच्या आकड्यांना उजवी बाजू १.७६ येते आणि पहिलं उत्तर २.९१ हर्ट्झ. खडक लवचीक धरला तरी ते जेमतेम हलतं. घाईच्या अंदाजाला सूत्र ठीक आहे. कोड तपासायला ते वापरू नका.

कोड तपासायला मॅट्रिक्स पद्धत वापरा. टॉमसन यांनी १९५० मध्ये आणि हॅस्केल यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. प्रत्येक पातळीवर फक्त दोन संख्या धरायच्या, विस्थापन आणि शिअर प्रतिबल. थराच्या सीमेवर या दोन्ही अखंड राहतात, म्हणून एक थर ओलांडणं म्हणजे साइन-कोसाइनच्या एका दोन-बाय-दोन मॅट्रिक्सने गुणणं. पृष्ठभागावर प्रतिबल शून्य, तिथून सुरुवात करून खाली उतरत जा, आणि खडकात पोहोचल्यावर वर जाणारी व खाली जाणारी लहर वेगळी करा. पन्नास ओळींत होतं. तिरप्या लहरींना किंवा पृष्ठलहरींना (पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींना) हीच पद्धत लावाल तेव्हा जपा. वारंवारता वाढली की घातांकी पदं प्रचंड होतात, त्यांच्या वजाबाकीत अर्थपूर्ण अंक वाहून जातात, आणि उत्तर कचरा येतं. डंकिन यांनी १९६५ मध्ये आणि नंतर केनेट यांनी मांडलेल्या मांडण्या याच अडचणीसाठी आहेत. सरळ वर येणाऱ्या शिअर लहरीला हा त्रास होत नाही, तिथे सगळं साइन-कोसाइनमध्येच राहतं.

आता ग्रिड. तिला दोन वेगवेगळे मालक आहेत. अंतर ठरवते सर्वांत हळू लहर, वेळेची पायरी ठरवते सर्वांत वेगवान. दुसऱ्या क्रमाच्या (साध्या अचूकतेच्या) स्कीमला एका तरंगलांबीत किमान दहा बिंदू हवेत; १५० च्या भरावात १ मीटरच्या ग्रिडला ते १५ हर्ट्झपर्यंतच मिळतात. तुम्ही चाचणीसाठी १० हर्ट्झचा रिकर पल्स (ठरावीक आकाराचा छोटा धक्का) वापरलात तर त्यात २५ हर्ट्झपर्यंत दखल घेण्याजोगी ऊर्जा असते, आणि तिथे तुमच्याकडे सहाच बिंदू उरतात. मग पल्समागे बारीक लाटांची शेपटी येते. ती मातीतली नाही, ग्रिडमधली आहे. अर्धा मीटर केलंत तर शेपटी जाईल, पण द्विमितीत काम आठपट होईल: पेशी चौपट, वेळेच्या पायऱ्या दुप्पट. चौथ्या क्रमाची स्कीम घेणं बहुधा स्वस्त पडेल. वेळेची पायरी ठरवताना खडकातल्या पी लहरीचा (दाबाच्या, सर्वांत वेगवान लहरीचा) वेग घ्या, शिअरचा नव्हे. तो सेकंदाला २१०० मीटर धरला, तर १ मीटरच्या ग्रिडला पायरी ०.३४ मिलिसेकंदांहून लहान हवी.

बाजूच्या सीमांवर स्पंज (लहर जिरवणारी पट्टी) असेल तर तो काढा. सरळ वर येणाऱ्या सपाट लहरीला स्पंज कडेने कुरतडतो, आणि कडेपासून आत नव्या, खोट्या लहरी पसरतात. सपाट थरांना बाजू आवर्ती ठेवा, म्हणजे डावीकडून बाहेर पडलेलं उजवीकडून आत. मग एक फुकटची, फार कडक चाचणी मिळते: प्रत्येक उभ्या रांगेचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जवळजवळ सारखं आलं पाहिजे. रांगांमध्ये फरक दिसला तर तो दोष आहे.

यावरून हेही लक्षात येईल की या समस्येला दुसरी मिती लागतच नाही. ती लागते जमीन सपाट नसते तेव्हा. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीचं अंतर केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त होतं, तरी जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीने सुमारे २ सेकंदांचा आवर्तकाल उचलून धरला. एवढं एका मितीत समजतं. हादरे तिथे इतका प्रचंड वेळ का टिकले हे मात्र एकमितीय मॉडेलला सांगता आलं नाही, आणि त्यावरच पुढे खोऱ्याच्या कडा आणि त्यातून निघणाऱ्या पृष्ठलहरी यांचा खूप अभ्यास झाला. तुम्ही तिथपर्यंत जाणार असाल तर कोड ठेवा, पण आधी एका मितीत तो जुळवा.

मी स्वतः पहिल्या मॉडेलवर तीन आठवडे ग्रिड बारीक करत बसलो होतो. तळ ताठर होता हे एका सहकाऱ्याने एका प्रश्नात दाखवलं: "खाली गेलेली लहर कुठे जाते?" तेव्हापासून कुणाचंही मॉडेल पाहताना मी तिथून सुरुवात करतो.

जुळवताना हे आकडे समोर ठेवा, मी ते तुमच्याच थरांवरून काढले आहेत. लवचीक खडक, डॅम्पिंग नाही: पहिलं शिखर २.९ हर्ट्झवर, उघड्या खडकाच्या तुलनेत वर्धन ७.३ च्या जवळ, दुसरं ७.२ हर्ट्झवर, वर्धन १० च्या जवळ. दुसरं पहिल्याहून उंच आहे म्हणून घाबरू नका. दोन्ही मातीच्या थरांत ५ टक्के डॅम्पिंग घातलं की क्रम उलटतो, पहिलं ४.८ आणि दुसरं ३.७ च्या आसपास येतं. मात्र हे डॅम्पिंग सगळ्या वारंवारतांना सारखं धरलंय. तुमच्या कोडमध्ये रेले डॅम्पिंग (वारंवारतेनुसार बदलणारं डॅम्पिंग) असेल तर ते दोनच वारंवारतांना नेमकं बसवता येतं, तेव्हा ती दोन म्हणून २.९ आणि ७.२ निवडा. पहिलं शिखर जुळलं आणि दुसरं जुळलं नाही, तर बहुधा थरांची सीमा ग्रिडच्या रेषेवर नीट बसलेली नाही. ६ आणि २१ मीटरला शिअर मापांक (मातीचा कडकपणा) कसा सरासरी केलाय ते पाहा, तिथे हार्मोनिक सरासरी (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) घ्यायला हवी.