मोठ्या मॅचआधी टॅक्टिक्सवर भांडणाऱ्या नव्या भिडूला

भो, मँचेस्टर युनायटेडचा फॅन झालास ना, मग मॅचच्या आदल्या रात्री शेवभाजीच्या टेबलावर जे भांडण पेटतं त्यात लगेच 'कोच हाकला' म्हणून उडी मारू नको. 2025 च्या युरोपा लीग फायनलआधी आम्ही जळगावात पाच जण बसलेलो, प्रत्येकाची टीम वेगळी, मी प्लेयर म्हणून वाट्या मांडून आपली तेव्हाची 3-4-2-1 फॉर्मेशन (मागे तीन, मधल्या ओळीत दोन मिडफिल्डर अन् दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, पुढे दोन, सगळ्यात पुढे एक) समजावत होतो तर सगळा रस्सा माझ्याच पॅन्टवर.

पण वाट्या मांडल्या की एक कळतं बघ. या फॉर्मेशनमधे मधे दोनच मिडफिल्डर अन् समोरच्याचे तीन असले, म्हणजे त्यांचा एक जण कायम मोकळा. त्याला धरायला मागच्या तिघांतला एक सेंटर बॅक पुढे आला तर मागे भगदाड, नाही आला तर तो आरामात वळून पास देतो. विंगबॅक दबले की तेही मागे बसतात, मागे पाच जण होऊन 5-4-1 होऊन जातं, मग बॉल मिळाला तरी पुढे स्ट्रायकर एकटा. म्हणून टीम अशी खेळत असली तर दहा मिनिटं बॉल सोड, फक्त विंगबॅक कुठे उभाय ते बघ.

अन् सगळंच फॉर्मेशनवर ढकलू नको. त्या फायनलमधे, स्पेनच्या बिल्बाओत, स्पर्सनी (टॉटनहॅम) 42व्या मिनिटाला एक गचाळ गोल मारला, मग मागे बसले, बॉल आपल्याकडेच होता पण हरलो 1-0. त्या सीझनला प्रीमियर लीगमधे आपण 15वे, ते 17वे! फिनिशिंगच नाही तर वाट्या कितीही सरकव.

युरोपची मॅच बहुतेकदा रात्री साडेबारा नाहीतर दीडला असते, दुपारी झोपून घे.