शर्यतीतून रस्त्यावर : इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण

प्रश्न : फॉर्म्युला वन शर्यतींसाठी होणाऱ्या संशोधनाचा फायदा साध्या गाडीच्या ‘ईसीयू’ला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, खरोखर होतो, की ही केवळ जाहिरात असते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फायदा होतो, मात्र प्रत्येक कल्पना शर्यतीतच जन्मते, हा समज चुकीचा आहे. पेट्रोल सोडणे आणि ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे एकाच मायक्रोप्रोसेसरकडे सोपवणारी बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या रस्त्यावरच्या गाडीत आधी आली.

शर्यतीने तिचा खरा कस पाहिला. पोर्शने मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाच्या गाडीसाठी बांधलेले दीड लिटरचे ‘टॅग’ टर्बो (हवा दाबून आत भरणारे) इंजिन १९८३ मध्ये मोट्रॉनिकसह मैदानात उतरले. पुढच्याच वर्षी शर्यतीदरम्यान पेट्रोल भरण्यास बंदी आली आणि संपूर्ण शर्यतीसाठी २२० लिटरची मर्यादा ठरली. १९८६ मध्ये ती १९५ लिटरवर आली. टर्बो इंजिन तापू नये, ‘नॉकिंग’, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आपोआप अवेळी पेटून होणारी ठकठक, होऊ नये म्हणून जादा पेट्रोल ओतण्याची सोय त्यामुळे उरली नाही. किती हवा आली, इंजिन किती वेगात आहे आणि ते किती तापले आहे, हे पाहून प्रत्येक वेळी नेमके तेवढेच पेट्रोल सोडणे भाग पडले. मिनिटाला १२ हजार फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, एक अंश फिरायला सेकंदाचा ७२ हजारावा भाग लागतो, आणि ठिणगीची वेळ अशा अंशांतच ठरते. हे गणित जमले म्हणून १९८४ मध्ये मॅक्लारेनने १६ पैकी १२ शर्यती जिंकल्या. पण १९८६ मध्ये जर्मनीतील हॉकेनहाइमला शेवटच्या फेरीत पेट्रोल संपले, तेव्हा मॅक्लारेनचे चालक अलाँ प्रॉस्ट यांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली.

हे प्रयोग करणारी बॉश कंपनीच रस्त्यावरच्या गाड्यांचे ईसीयूही बनवत होती, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे मिळालेले ज्ञान कारखान्यापर्यंत पोहोचायला वेगळी वाट शोधावी लागली नाही. अर्थात, घरोघरच्या गाडीत ईसीयू अपरिहार्य झाला तो प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. भारतात २०२० पासून लागू झालेले बीएस-६ निकष त्याच्याशिवाय पाळताच येणार नाहीत.

आज एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीत नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. त्यामुळे पेट्रोल हलक्या प्रतीचे असले, तरी इंजिनाचा आवाज फारसा बदलत नाही. गाडीची ओढ आणि मायलेज मात्र कमी होते.