सातपुड्याच्या कड्यावरून शिकारी पक्षी मोजताना दुहेरी मोजणी कशी टाळावी

मार्च-एप्रिलमध्ये यावल-रावेरच्या बाजूने कड्यावर बसून उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी मोजायचे आहेत, पण घारीच घारी दिसतात आणि तीच घार चार वेळा मोजली जाते की काय ते कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. यावर महागडी दुर्बीण हा उपाय नाही. मोजायची रीत बदला.

आधी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. इस्राएलमधल्या एलातला वसंतात थवेच्या थवे दिसतात, कारण पाण्यावर वर उचलणारी गरम हवा मिळत नाही आणि आफ्रिकेतून येणारे पक्षी तांबडा समुद्र टाळून चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात. आपला सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला. उत्तरेला निघालेला पक्षी तो कुठूनही आडवा ओलांडू शकतो. त्यामुळे इथे एकही पक्षी न दिसलेला तास हमखास येणार, आणि तोही वहीत लिहायचाच. किती तास बसलो हे माहीत नसेल तर नुसत्या पक्ष्यांच्या आकड्यावरून दोन दिवसांची तुलना करता येत नाही.

बसायला जंगलाच्या आतलं शिखर नको, तापीच्या मैदानाकडे तोंड असलेला उघडा कडा हवा. खालच्या केळीच्या पट्ट्यात ओलीत असतं, तिथली जमीन सावकाश तापते. पानगळ झालेला दक्षिण उतार मात्र सकाळीच तापतो. म्हणून पायथ्याच्या वरच्या आभाळावर जास्त लक्ष ठेवा. पक्षी तिथे गरम हवेत शिरून गोल गोल वर चढताना दिसतात.

मोजणीची खरी गुरुकिल्ली इथेच आहे: घिरट्या घालणारा पक्षी मोजायचाच नाही. कड्यावरच्या दोन ठळक खुणा, समजा एक एकटा पळस आणि एक खिंड, धरून पूर्व-पश्चिम काल्पनिक रेघ ठरवा. पक्षी वर चढून, घिरट्या सोडून, सरळ तरंगत ही रेघ ओलांडून उत्तरेला गेला की काउंटरचं बटण एकदा दाबा. दक्षिणेकडे परत आला तर एक वजा. घोळक्यात मधेच मोजायला गेलात तर वरचा पक्षी खाली, खालचा वर, आणि आकडा हमखास चुकतो.

स्थानिक घारींसाठी वेगळा रकाना ठेवा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्या धुरावर किडे-नाकतोडे टिपायला घारी जमतात. गावाजवळच्या उकिरड्यावरही तेच. खाली झेप घेणारी, मागे वळणारी, दुसऱ्या घारीशी भांडणारी घार स्थलांतराच्या आकड्यात धरू नका.

ओळखीसाठी रंगापेक्षा आकार आणि पंखांची ठेवण बघा. भोवत्या (इंग्रजीत हॅरियर) पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून तरंगतो. मधुबाजाचं (हनी बझर्डचं) डोकं कबुतरासारखं लहान, मान पुढे आलेली, शेपूट लांब, पंख सपाट. घारीची शेपूट दुभंगलेली आणि सतत पिळली जाते. कोवळ्या स्टेप गरुडाच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या दुरून वेगळ्या सांगू नका. ‘भोवत्या, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद आहे. अंदाजाने नाव लिहिलं की पुढच्या माणसाला ते खरंच वाटतं, आणि ही चूक नंतर कुणालाच काढता येत नाही.

८×४२ किंवा १०×४२ (आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. कड्याच्या रेषेच्या थोडं वर धरून ती सावकाश आडवी फिरवा, मग एक पट्टा वर, पुन्हा आडवी. ढग असला तर आधी त्याच्यावर शोधा. निरभ्र निळ्यात उंचावरचा पक्षी डोळ्यासमोरून निसटतो. साधारण ९ ते १२ हा चांगला वेळ. भर दुपारी पक्षी फार उंच जातात, मग साडेतीननंतर पुन्हा बसा. भोवत्ये पंख मारतही जातात, म्हणून त्यांच्यासाठी सकाळी लवकरची वेळही सोडू नका. सकाळी सूर्य पूर्वेला, तेव्हा नैर्ऋत्येकडे बघा, दुपारनंतर आग्नेयेकडे. सूर्याजवळ दुर्बीण कधीच नेऊ नका.

तिघं असाल तर दोघांनी बघायचं, एकाने फक्त लिहायचं, आणि दर अर्ध्या तासाने बदली करायची. थकलेला डोळा बघतो, पण त्याला दिसत नाही. वहीतली ओळ अशी असू द्या: ‘१०.४२, मधुबाज २, उत्तरेला, मध्यम उंची’. दर तासाला वाऱ्याची दिशा, ढग किती, धूसरपणा किती, बघणारे किती, हेही लिहा.

यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. माणशी किमान चार लिटर पाणी न्या, कड्यावर सावली नसते. बसण्याआधी खालच्या कपारी दुर्बिणीने तपासा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला, अत्तर लावू नका, विडी-शेकोटी अजिबात नको. शिवाय मोहोळाभोवती रेंगाळणारा मधुबाज तिथे खायला आलेला असतो. तो रेघ ओलांडून जाईपर्यंत आकड्यात येत नाही.

नोंदी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकताना प्रत्येक तासाची यादी वेगळी, एका जागी उभं राहून केलेली म्हणून टाका, आणि स्थानिक घारी किती, जाणाऱ्या किती हे शेऱ्यात लिहा.