मी चार वर्षं मशीन शॉपमध्ये आहे. मुलाखतीतल्या 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?' अशा प्रश्नांची उत्तरं पाठ करावीत का?

उत्तरं पाठ करू नका, प्रसंग तयार ठेवा. मी उत्पादन विभागासाठी मुलाखती घेतो. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच उपप्रश्नाला गळपटतं, कारण त्याच्यामागे घडलेलं काही नसतं.

तुम्ही चार वर्षं मशीन शॉपमध्ये आहात म्हणता, म्हणजे प्रसंगांना तोटा नाही. समजा, बोअर (नगातलं गोल भोक) लहान येतोय म्हणून क्वालिटी विभागाने लॉट अडवला आणि तुमच्या सुपरवायझरला तो आजच डिस्पॅच करायचाय. इथे "मी दोघांना समजावलं, टीमवर्कने प्रश्न सुटला" एवढंच सांगितलंत तर माझ्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी सांगा: मी बोअर गेजने दर तासाचे नग मोजले, रीडिंग्ज कागदावर मांडली, इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजेल तसा बोअर लहान होत जातोय हे सुपरवायझरला दाखवलं, चांगले नग निवडून तेवढेच पाठवायला दोघांना राजी केलं आणि इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा हे ठरवून घेतलं. सुपरवायझर आधी काय म्हणाला, तेही सांगा. मतभेद नेमका तिथेच दिसतो.

'स्टार' पद्धत तुम्ही वाचली असेलच: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. बहुतेक उमेदवार परिस्थितीतच अडकतात, कंपनीचा इतिहास सांगत बसतात. ती दोन वाक्यांत आटपा आणि वेळ कृतीला द्या. "आम्ही केलं" असं आलं की मी हमखास विचारतो, "त्यात तुम्ही काय केलंत?" परिणामाचा आकडा ठाऊक असेल तरच सांगा. नसेल तर "पुढच्या महिन्यात ती तक्रार आली नाही" हेही चालतं, खरं असलं म्हणजे झालं.

असे पाच-सहा प्रसंग पुरतात. एकच प्रसंग मतभेदालाही लागू पडतो आणि मुदतीच्या दडपणालाही. फक्त एक प्रसंग खऱ्याखुऱ्या अपयशाचा हवाच. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे ऐकून कंटाळा आलाय हो! ज्या कंपनीत जाताय तिची मूल्यंही बघा. ॲमेझॉनने तर आपली १६ 'लीडरशिप प्रिन्सिपल्स' वेबसाइटवरच दिली आहेत आणि तिथले असे प्रश्न त्यांवर बेतलेले असतात.

मुलाखत इंग्रजीत असेल तर प्रसंग आधी मराठीत कुणाला तरी सांगून बघा, क्रम पक्का होतो. मग तोच इंग्रजीत, मोठ्याने. दोन मिनिटांच्या वर गेला तर सुरुवात कापा.